पंखा पाचवर

सरळ रेषेचं मला वेड आहे, हे मी आधीच कबूल करतो. म्हणजे पुढे कुणी मोठा शोध लावल्याचा आव आणायला नको. एकतीस वर्षं मी पाणीखात्याच्या रेकॉर्ड विभागात काढली. माझ्या कपाटातल्या फायली बाजूने पाहिल्या तर एकीचंही नाक पुढे आलेलं दिसायचं नाही. निवृत्तीच्या समारंभात साहेबांनी भाषणात त्याचा उल्लेख केला होता. लोक हसले होते, पण उल्लेख केला होता.

आमच्या घरातली इंटरनेटची वायरही मीच ओढलेली आहे. तीन वर्षांपूर्वी, आमचा मुलगा वेन पिन कॅनडाला गेला त्याच आठवड्यात. आमचं घर जॉर्जटाऊनच्या चिनी वस्तीतल्या जुन्या घरांच्या ओळीतलं. रुंदी बेताची, आणि लांबी काही केल्या संपत नाही. इंटरनेट कंपनीने जोडणी दिली मागच्या गल्लीतून, त्यामुळे राउटर बसला स्वयंपाकघरात आणि टीव्ही-कॉम्प्युटर राहिले पुढच्या दिवाणखान्यात. मधल्या भिंती अशा जाड, की वायफाय सोडाच, बायकोची हाकसुद्धा पलीकडे जात नाही. निदान मी तिला तसं सांगत आलोय.

आता वायर न्यायची कुठून? स्वयंपाकघरात चुलीचा देव, त्याच्या डोक्यावरून वायर नेता येत नाही. दिवाणखान्यात देव्हारा. त्यात कुआन इम देवी आणि आमचे वाडवडील. त्यांच्या डोक्यावरून वायर न्यायची म्हटलं असतं तर आईने मलाच घराबाहेर नेलं असतं. देव्हाऱ्याच्या खाली, फरशीलगत भूमीदेव, म्हणजे जमिनीवरूनही नाही. राहिल्या दोन भिंती. देव्हाऱ्यातून बाहेर बघितलं तर डावी भिंत ड्रॅगनची आणि उजवी वाघाची. ड्रॅगनला गडबड-गोंधळ चालतो. वाघाला झोपू द्यावं लागतं, तो जागा झाला की घरात भांडणं होतात. म्हणून आमच्याकडे उजव्या भिंतीत गेल्या साठ वर्षांत एक खिळासुद्धा ठोकलेला नाही, आणि घरातलं विजेचं म्हणून जे काही आहे ते सगळं ड्रॅगनच्या अंगावर: मुख्य वायरची नळी, पंपाचं बटण, दारावरची घंटा, पंख्याचा रेग्युलेटर.

मीही नेटची वायर त्याच नळीला बांधली. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी, दर सहा बोटांवर एक, एकूण एकशे बारा पट्ट्या. एकीचंही शेपूट बाहेर ठेवलं नाही. चाळीस फूट वायर नळीला अशी चिकटून बसली, की वेगळी आहे हे सांगावं लागायचं. आणि मी सांगायचोही.

वेन पिन गेला तो काही भांडून गेला नाही. चांगली नोकरी सोडली, ऑफिसला दिली तशी आम्हालाही एक महिन्याची नोटीस दिली, आणि गेला. मग दर रविवारी तो विनिपेगहून फोन करायचा. टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर तो दिसायचा, जेवण, थंडी, आजीचा गुडघा असं सगळं बोलून व्हायचं, आणि शेवटी मी विचारायचो, "परत कधी येणार?" तो तोंड उघडायचा, पडदा थिजायचा, मधे एक गोल फिरायला लागायचा, की संपलं.

पहिल्या वेळी मला काही वाटलं नाही. दुसऱ्या वेळी थोडं वाटलं. चौथ्या रविवारी मी काय ते समजलो. मुलगा बापाचा फोन कापतो. मी उलट फोन लावला नाही. कापला त्याने आणि लावायचा मी? तोही लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी आपल्या आईला निरोप पाठवायचा: सगळे बरे ना? असं वर्षदोन वर्षं चाललं, आणि मग रविवारी मला नेमकी त्याच वेळी बाजारात कामं निघायला लागली. गेले सहा महिने गिम सुआन, म्हणजे माझी बायको, आपला मोबाइल घेऊन फाटकापाशी उभी राहते, तिथेच काय तो सिग्नल येतो, आणि मी आत पेपर वाचतो. पेपरात काही नसतं.

अशात निरोप आला, की वेन पिन लग्न करतोय. मुलीचं नाव लिगाया, आईवडील मूळचे फिलिपिन्सचे, दातांच्या दवाखान्यात काम करते. दोघांना इतक्यात सुटी मिळत नव्हती आणि माझी आई अठ्ठ्याऐंशी वर्षांची, ती विमानात बसणार नाही. पण चहा द्यायलाच हवा. नव्या जोडप्याने गुडघे टेकून वडीलधाऱ्यांना चहा दिल्याशिवाय आमच्यात लग्न झालं असं कुणी धरत नाही, सरकार काही का म्हणेना. तेव्हा चहा पडद्यावरून द्यायचा ठरलं. ते तिकडे गुडघे टेकणार, इकडे गिम सुआनची धाकटी बहीण त्यांच्या वतीने कप हातात ठेवणार.

आईने पंचांग काढून मुहूर्त काढला: रविवारी सकाळी नऊ ते अकरा. यावर समोरच्या मिसेस गोहनी शंका काढली, की विनिपेगला तेव्हा शनिवार संध्याकाळ असते, मग मुहूर्त कुणाच्या घड्याळाचा? मिसेस गोह या आमच्या गल्लीच्या शंकासमाधान केंद्र आहेत, पैकी समाधानाचा विभाग अजून उघडायचाय.

"पूर्वज कुठे राहतात?" आईने विचारलं.

"इथे, देव्हाऱ्यात," मिसेस गोह म्हणाल्या.

"मग घड्याळ इथलंच."

मिसेस गोह गेल्यावर आई मला म्हणाली, "तेक, मला त्या मुलीच्या हातचा चहा प्यायचाय. पुढच्या वर्षाचं मी काही सांगत नाही."

मी हो म्हणालो. मग तो रविवार मी डोळ्यांपुढे आणून बघितला. नऊ नातेवाईक बसलेत, आईच्या हातात कप आहे, आणि वेन पिनने फोन कापला तर? बापाचा कापतो ते एकवेळ घरात राहतं. सगळ्यांसमोर कापला तर मी त्या घरात कुठे बघू?

म्हणून मी रंगीत तालीम ठेवली. मेव्हणी इपोहला असते, तिला टीव्हीवर बोलावलं. सहाव्या मिनिटाला पडदा थिजला आणि गोल फिरायला लागला. खरं तर इथेच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता. माझ्या मेव्हणीने आजवर कुणाचाही फोन चाळीस मिनिटांच्या आत ठेवलेला नाही. पण एकतीस वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाला दोष आपल्या टेबलावर असेल असं सहसा सुचत नाही. मी कंपनीच्या कार्यालयात गेलो.

तिथे नंबराचं तिकीट घेऊन बसलो. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "राउटर बंद करून चालू केलात का, अंकल?"

"केला."

"परत एकदा केलात का?"

"किती वेळा केला म्हणजे तुमचं समाधान होईल?"

ती हसली नाही. तिने फॉर्म दिला. तक्रारीचे प्रकार तीन: नेट बंद आहे, नेट हळू आहे, बिलाबद्दल. माझं नेट मधेच जातं आणि मग येतं. त्याला रकाना नव्हता. मी 'बंद आहे' वर खूण केली असती तर खोटं ठरलं असतं. तेव्हा मी खाली चौथा चौकोन पट्टीने आखला आणि त्यात सुबक अक्षरात लिहिलं. मुलीने तो फॉर्म बराच वेळ बघितला आणि नवा फॉर्म देऊन सांगितलं, की चौथा चौकोन कॉम्प्युटर घेत नाही. मी 'हळू आहे' वर खूण केली. नोकरीत इतकी तडजोड मी कधी केली नव्हती.

तिसऱ्या दिवशी कंपनीचा माणूस आला. त्याने स्वयंपाकघरात राउटरला यंत्र लावलं आणि म्हणाला, "उत्तम आहे, अंकल. गल्लीत सगळ्यांत चांगलं तुमचंच."

"जातं ते दिवाणखान्यात. तिथे बघा."

"आमची हद्द राउटरपर्यंत."

मग त्याने कागदावर लिहिलं: दोष आढळला नाही. लोकांच्या नळाच्या तक्रारींवर हेच वाक्य मी स्वतः हजारो वेळा नक्कल करून फायलीला लावलं होतं. जाता जाता त्याची नजर भिंतीकडे गेली. "वायर कुणी बांधलीय? फार व्यवस्थित." मी त्याला बसवून घेतलं आणि कॉफी पाजली.

मिसेस गोहनी तोवर निदान केलं होतं, की होणाऱ्या सुनेचं रास-वर्ष आणि राउटरचं तोंड जुळत नाही. राउटर आग्नेयेला वळवा आणि शेजारी मिठाच्या पाण्याची वाटी ठेवा. मी सुशिक्षित माणूस आहे. मी नाही म्हणालो. गिम सुआनने वाटी ठेवली. मग दुसऱ्या तालमीत मेव्हणी अकरा मिनिटं टिकली, आणि त्याचं श्रेय वाटीला मिळालं.

शुक्रवारी संध्याकाळी आमचा शेजारी पोन्नुसामी नेहमीप्रमाणे कॉफीला आला. त्याने चाळीस वर्षं विजेच्या तारांमध्ये घालवली आहेत. बोलतो कमी, कारण त्या धंद्यात बोलताना हात हलवणारे फार टिकत नाहीत, असं त्याचंच म्हणणं. मी त्याला सगळी कर्मकथा ऐकवली. तो कप घेऊन उठला आणि ड्रॅगनच्या भिंतीशी जाऊन उभा राहिला.

"ऊई, हे कुणी केलं?" तो मला आडनावानेच हाक मारतो.

"मी," मी म्हणालो. थोडा ताठच झालो.

त्याने कॉफी संपवली. "फार सुंदर आहे. आता मेव्हणीला लाव."

मेव्हणी पडद्यावर आली आणि तिने आपल्या शेजारणीची गोष्ट सुरू केली. पोन्नुसामी गिम सुआनला म्हणाला, "वहिनी, पंप चालू करा." पंप घरघरला आणि मेव्हणी तोंड उघडं असतानाच थिजली. पंप बंद केला, ती सुरू झाली. त्याने दारावरची घंटा वाजवली, मेव्हणीचं चित्र उचकी लागल्यासारखं अडखळलं. माझा चेहरा उतरत चालला होता.

"बघ," पोन्नुसामी म्हणाला, "विजेची वायर असते भांडखोर. मोटर सुरू झाली, बटण दाबलं, की ती ओरडते. आपल्याला ऐकू येत नाही इतकंच. नेटची वायर हळू आवाजात बोलणारी. तू तिला धरून त्या ओरडणारीच्या तोंडाशी बांधलीस, तेही चाळीस फूट, दर सहा बोटांवर. सैल लोंबत ठेवली असतीस तरी बरी चालली असती."

"म्हणजे व्यवस्थितपणामुळे बिघडलं?"

"मी व्यवस्थितपणाला काही बोललो नाही," तो म्हणाला. "वीतभर अंतर हवं, एवढंच बोललो."

मग त्याची नजर रेग्युलेटरवर गेली. तो माझ्या वडिलांच्या वेळचा, काळा, वाटोळा, आत ठिणगी दिसणारा. माझी वायर त्याच्या अगदी पोटाखालून जात होती. पोन्नुसामीने तो दोनवरून पाचवर नेला. पंखा पाचवर गेला की कर्र-टक, कर्र-टक असा आवाज करतो. मेव्हणी थिजली, गोल फिरला, आणि फोन कटला. पंप चालू केल्यावर ती नुसती थांबली होती. पंख्याने तिला पार घालवलं.

"हा खरा गुन्हेगार," पोन्नुसामी म्हणाला. "हा पाचवर किती वेळा नेता?"

मी म्हणालो, "फारसा नाही." आणि गिम सुआन त्याच वेळी म्हणाली, "दर रविवारी."

मी तिच्याकडे बघितलं.

"अहो, तुम्हाला आठवत नाही का? वेन पिनला परत कधी येणार विचारलं की तुम्हाला उकडायला लागतं. तुम्ही उठता आणि पंखा पाचवर करता. प्रश्न विचारता विचारताच उठता."

मी खुर्चीत बसलो. ते रविवार एकेक करून डोळ्यांपुढून गेले. मी प्रश्न विचारतोय, उत्तराची भीती वाटतेय, तोंड लपवायला उठतोय, रेग्युलेटर फिरवतोय, आणि पाठ वळवून म्हणतोय, "कापला बघ." मुलाने एकदाही फोन कापला नव्हता. तीन वर्षं मीच कापत होतो. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला पंखाही लावता येईना.

"तू मला सांगितलं का नाहीस?" मी गिम सुआनला विचारलं.

"पंख्याने फोन जातो हे मला काय माहीत? मला वाटलं, तुम्हाला उकडतं."

पोन्नुसामीने दुसरा कप मागितला आणि उपाय सांगितला. वायर या भिंतीवरून काढायची आणि समोरच्या भिंतीवरून न्यायची. तिथे विजेचं काही नाही. स्वयंपाकघराच्या दारावर एकदाच तिला विजेची वायर ओलांडावी लागेल, तिथे काटकोनात ओलांडायची आणि पुढे निघायचं, सोबत चालत बसायचं नाही. एका तासाचं काम.

"समोरची भिंत वाघाची आहे," मी म्हणालो.

पोन्नुसामीचा स्वतःचा देव्हारा केवढा मोठा आहे. त्याला हे समजावून सांगावं लागलं नाही.

आई आतून सगळं ऐकत होती. ती म्हणाली, "देवीला विचारू." तिने देव्हाऱ्यातले चंद्रकोरीच्या आकाराचे दोन लाल ठोकळे काढले, एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर. एक उताणा, एक पालथा पडला की देवीचा होकार. दोन्ही पालथे, म्हणजे फुगीर बाजू वर, तर नकार. आणि दोन्ही उताणे पडले तर देवी हसते.

आईने उदबत्ती लावली आणि विचारलं, "वाघाच्या भिंतीवरून वायर नेऊ का?" ठोकळे टाकले. दोन्ही उताणे.

"हसतेय," आई म्हणाली.

तिने पुन्हा विचारलं, "लाल कागद लावून नेऊ का?" पुन्हा दोन्ही उताणे. साहेबांच्या भाषणानंतर इतकं उघड माझ्यावर कुणी हसलं नव्हतं. तेव्हा निदान माणसं होती.

"हसते म्हणजे प्रश्न नीट विचारला नाही," आई म्हणाली. "वायरचं तिला काय? वायर कशाला हवीय ते सांग. तू सांग. मुलगा तुझा आहे."

आता पोन्नुसामी तिथे उभा, बायको उभी, दारात मिसेस गोह कधी येऊन उभ्या राहिल्या कुणास ठाऊक. पण आईने ठोकळे माझ्या हातात दिले होते. मी गुडघे टेकले. फॉर्मवर लिहितात तसं नाव, पत्ता, वय सांगितलं, तशीच पद्धत आहे. मग म्हणालो, "रविवारी माझा मुलगा आम्हाला चहा देणार आहे. तीन वर्षं मी त्याला एक प्रश्न विचारतोय आणि उत्तर ऐकत नाहीये. चूक माझी होती. या वेळी मला ते ऐकायचंय. म्हणून वायर या भिंतीवरून न्यायचीय."

ठोकळे टाकले. एक उताणा, एक पालथा.

मिसेस गोहनी नाक पुसलं आणि विचारलं, "पण मिठाची वाटी ठेवायची की काढायची?"

शनिवारी सकाळी एकशे बारा पट्ट्या मी एकेक करून कापल्या. प्रत्येकीचा टक असा आवाज व्हायचा आणि पोन्नुसामी सौजन्याने दुसरीकडे बघायचा. नवी वायर वाघाच्या भिंतीवरून गेली. मला ती पट्टीने आखून न्यायची होती. पण भिंत जुनी, पोपडे निघालेले, जिथे खिळा धरेल तिथेच ठोकावा लागे, आणि पोन्नुसामी ताणून बांधू देईना. त्यामुळे ती वर-खाली होत, पोटं सोडत गेली. आईने तिला तीन ठिकाणी लाल कागद गुंडाळला. दिसायला ती जत्रेतली माळ झाली. साठ वर्षांत पहिला खिळा बसला आणि दुपारी माझं आणि गिम सुआनचं, शिडी कुणी हलवली यावरून, कडाक्याचं भांडण झालं. आईने फक्त भिंतीकडे बघितलं.

रविवारी नऊला नऊ नातेवाईक दिवाणखान्यात दाटीवाटीने बसले. वायर बदलली होती तरी माझा धीर होईना. मी जाहीर केलं: पंप बंद, घंटा बंद, पंखा बंद. अकरा वाजेपर्यंत कुणी आंघोळ करायची नाही, कुणी दार वाजवायचं नाही. इपोहची मेव्हणी पहाटे बसने आली होती, तिला आंघोळ करायची होती. तिने माझ्याकडे असं बघितलं, की पुढचं वर्षभर तिच्या फोनवर कुणाची गोष्ट चालणार हे मला कळलं. नऊ वाजून दहा मिनिटांनी खोलीत इतकं उकडत होतं, की आंग कूच्या, म्हणजे तांदळाच्या लाल गोड वड्यांच्या, ताटावरची केळीची पानंही मऊ पडली.

पडदा उजळला. वेन पिन थोडा जाडा झाला होता. लिगाया लाल झग्यात, उंचीने त्याच्या खांद्याला. दोघांनी गालिच्यावर गुडघे टेकले. लिगायाने पाठ करून ठेवलेल्या आमच्या होक्किएन बोलीत, एकेक शब्द जपून, म्हटलं, "आ मा, चहा घ्या." आ मा म्हणजे आजी. मेव्हणीने कप आईच्या हातात दिला. आई सगळा प्याली, तळाच्या लाल खजुरासकट, आणि कप उलटा करून पडद्याला दाखवला. खोलीत सगळे हसले, विनिपेगलाही हसले. पडदा हलला नाही.

मग आमची पाळी. "पा, चहा घ्या," लिगाया म्हणाली. कप माझ्या हातात आला. मी प्यायला हवा होता. इतकंच काम होतं. पण समोर वेन पिन गुडघ्यांवर बसलेला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "परत कधी येणार?"

गिम सुआनने डोळे मिटले. वेन पिन सावकाश म्हणाला, "पा, हे तुम्ही दर वेळी विचारता. आणि मी बोलायला लागलो की फोन ठेवता."

"मी नाही ठेवत."

"मग कोण ठेवतं?"

नऊ नातेवाईक माझ्याकडे बघत होते. मला भयंकर उकडायला लागलं. हात आपोआप ड्रॅगनच्या भिंतीकडे निघालाही होता. हातात कप होता म्हणून तो थांबला.

"दोष वायरीत होता," मी म्हणालो. "वायर मी बांधली होती. पंखा वाढवला की फोन जायचा. पंखा मीच वाढवायचो."

वेन पिनने विचारलं, "अगदी सरळ बांधली असेल ना?"

"एकशे बारा पट्ट्या."

तो हसला. मग हसू आवरून म्हणाला, "मला वाटायचं, तुम्हाला माझं ऐकायचंच नाहीये. म्हणून मीही परत लावायचो नाही. पा, मी राहायला परत येणार नाही. हे मी पहिल्याच रविवारी सांगणार होतो. इथे माझं काम आहे, हिचे आईवडील आहेत. पण दर नव्या वर्षाला येईन. येत्या नव्या वर्षाला आम्ही दोघं येतोय. आजीला तेव्हा हिच्या हातचा चहा परत द्यायचाय, खराखुरा."

तीन वर्षं ज्या उत्तरापासून मी पळत होतो, ते मला हवं तसं नव्हतंच. वाईट वाटलं, ते मी नाकारत नाही. पण मी बसून राहिलो आणि सगळं शेवटपर्यंत ऐकलं. मग चहा प्यालो. निवला होता, आणि फार गोड होता.

"चांगला झालाय," मी लिगायाला म्हणालो. तो गिम सुआनने केला होता, पण हे तिलाही पटलं.

सगळ्यांचे चहा झाले, आशीर्वाद झाले, आईने नातसुनेसाठी ठेवलेली बांगडी पडद्याला तीनदा दाखवून झाली. अकराला पाच मिनिटं कमी होती. वेन पिन म्हणाला, "पा, आता ठेवू?"

"ठेव," मी म्हणालो.

"तुम्ही ठेवा."

"मी नाही ठेवणार. तू ठेव."

तोही ठेवेना. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. नातेवाईक घाम पुसत होते.

"कुणीच ठेवू नका," आई म्हणाली. "पण मला उकडतंय." आणि कुणी काही म्हणायच्या आत ती काठी टेकत उठली, ड्रॅगनच्या भिंतीशी गेली आणि रेग्युलेटर पाचवर फिरवला.

पंखा एकदा हलला, अडला आणि कर्र-टक, कर्र-टक करत फिरायला लागला. मी पडद्याकडे बघत होतो. वेन पिनही हलत नव्हता. मी मनात आकडे मोजायला लागलो. चारपर्यंत आलो, आणि त्याने डोळे मिचकावले.

"पा," तो म्हणाला, "त्या पंख्याला तेल घाला. इथपर्यंत ऐकू येतोय."